निकाहनाम्यातील कोरी जागा

जुन्या नाशकात लग्न ठरले की महिनोन्‌महिने बोलणी चालतात. दावतीला किती देगा लागतील, हॉल कोणता, फर्निचर कुणाकडून, सगळ्याच्या याद्या होतात. निकाहनाम्यात शर्ती लिहायचा विषय निघाला की मात्र सारे गप्प! "शुभ प्रसंगी अभद्र बोलू नका," असे मुलीच्या बापालाच दटावले जाते. जागा कोरी राहते आणि तिची किंमत पुढे मुलगी मोजते.

निकाह हा करार आहे, असे आपण इतरांना अभिमानाने सांगतो. मग शर्ती लिहायला लाज कसली? नवऱ्याने दुसरे लग्न केले किंवा खर्च देणे थांबवले, तर तलाकचा अधिकार पत्नीला राहील, असे लिहून घेता येते. याला तलाक-ए-तफवीज म्हणतात. हनफी फिकहला तो मान्य आहे, आपल्या न्यायालयांनाही. भद्रकालीपासून मालेगावपर्यंत किती बापांनी तो लिहून घेतला?

१९६६ साली हमीद दलवाईंनी सात स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेला, तेव्हा आपण त्यांना धर्मद्रोही ठरवले. पुढे २००२ मध्ये औरंगाबादच्या पूर्णपीठाने दगडू पठाण खटल्यात बजावले, की तलाकला सबळ कारण आणि आधी समेटाचा प्रयत्न हवा, आणि ते सिद्धही करावे लागेल. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका दमातला तिहेरी तलाक रद्द केला. २०१९ च्या कायद्याने त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली.

पण जो तलाक देतच नाही, नुसता सोडून जातो, त्याचे काय? ती ना सुहागन, ना मुक्त. खुला मागितला तर नवऱ्याची मर्जी सांभाळा, वर मेहरवर पाणी सोडा. १९३९ च्या कायद्याने, दोन वर्षे खर्च न देणाऱ्या नवऱ्यापासून कोर्टात सुटका मागता येते. तोवर पोरांची फी कोण भरणार? बापाचे पालकत्व शाबूत, पोरे मात्र आईच्या पदराला!

कोर्टाने हात घातला की "शरियत खतरे में" ओरडणाऱ्यांना माझा एकच सवाल आहे : शरियतने दिलेला हक्क मुलीच्या निकाहनाम्यात लिहिताना तुमची लेखणी का अडखळते?

काझीसाहेब, पुढचा निकाह पढवण्याआधी ती कोरी जागा मुलीला दाखवा. आणि बापहो, देगा मोजून झाल्या असतील, तर आता शर्ती मोजा.