शिरगावचा ताड आणि आमचे संग्राहक

जुनी सचित्र पोस्टकार्डे जमविणाऱ्यांच्या छंदाशी आमचे भांडण नाही. त्यांच्या दृष्टीशी आहे. परदेशातील एखाद्या चमत्कारिक वृक्षाचे जीर्ण कार्ड हाती लागताच ही मंडळी हरखून जातात. परंतु ताड एरवी एकखोडी असता, पालघरजवळ, मराठ्यांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून जिंकलेल्या शिरगावच्या किल्ल्यात, फांद्या फुटलेला ताड आहे, हे त्यांपैकी कितींस ठाऊक? बोईसर-तारापूर म्हणताच त्यांस कारखाने व १९६९ सालापासूनची अणुवीज एवढेच आठवते! कार्ड ही पाहिल्याची खूण होय. न पाहण्याची सबब नव्हे. समुद्रावरचा वारा असा वृक्ष केव्हा पाडील याचा नेम नाही. आज जे कोणी पाहत नाही, त्याचे कार्ड कोण काढणार? आणि मग उद्याच्या संग्राहकाने जमवावे तरी काय?