तक्रारीची पोच घ्या

२४ जानेवारी २०२५, शुक्रवार. सकाळी भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला, इमारतीचे छत कोसळले आणि किमान आठ कामगारांचा जीव गेला. आदल्या वर्षी जानेवारीतही याच निर्माणीतल्या स्फोटात एक कामगार दगावला होता.

कारखाना कोणताही असो, कुठे काय बिघडले आहे हे सर्वांत आधी तिथल्या कामगाराला कळते. आज तो ते मोबाईलवर ग्रुपमध्ये लिहितो: मशीनचे गार्ड तुटले, हातमोजे मिळत नाहीत, ठेकेदार ओव्हरटाइम बुडवतो. मन हलके होते, पण उत्तर द्यायला कोणी बांधील नसतो.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे चूक दिसली की तिची नोंद होते: क्रमांक, तारीख, जबाबदारी कोणाची. नोंदच नसेल तर पुढे सगळेच म्हणतात, "आम्हाला माहीत नव्हते."

भोपाळच्या कारखान्यातील धोक्याबद्दल पत्रकार राजकुमार केसवानी यांनी १९८२ मध्येच लिहिले होते. १९८४ मध्ये वायुगळती झाली, हजारो माणसे मेली. त्यानंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात कलम ४१-एच आले. धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात जिवाला तातडीचा धोका वाटला, तर कामगार व्यवस्थापनाला आणि त्याच वेळी निरीक्षकाला कळवू शकतो. धोका पटला तर लगेच उपाय करणे, न पटल्यास प्रकरण निरीक्षकाकडे पाठवणे व्यवस्थापनाला बंधनकारक झाले. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या नव्या संहितेतही कामगाराचा हा हक्क कायम आहे.

ठेकेदारीवरचा कामगार घाबरतो, आणि त्याची भीती खोटी नाही. उद्या त्याला गेटवरूनच परत पाठवतील. म्हणून अर्ज एकट्याच्या नावाने नको. दहा जणांच्या सह्या घ्या, युनियन किंवा सुरक्षा समितीमार्फत द्या.

भंडारा, वरठी, गडेगाव, तुमसर. आपल्यापैकी अनेकांच्या घरातून कोणी ना कोणी रोज शिफ्टला जातो. आपण शिकलो ते बहुतेकदा त्यांच्याच कमाईवर. सुट्टीच्या दिवशी अब्बांजवळ, भाईजानजवळ बसा. कामावर कशाची भीती वाटते ते विचारा आणि ते जसे सांगतील तसे साध्या भाषेत, तारीख व जागा घालून लिहून द्या. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय परतू नका, असेही त्यांना सांगा.