पाटल्या, रायफल आणि पंचाहत्तर मिनिटं

गेल्या महिन्यात आमच्या घरी रायफल आली.

हे वाक्य मी लिफ्टमध्ये सहज बोलून गेले, तर समोरच्या काकूंनी भाजीची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मी घरात वाघ आणून बांधलाय. ‘‘अगंबाई, बंदूक? तिसऱ्या मजल्यावर?’’ पहिला हा प्रश्न. दुसरा लगेच, ‘‘परवाना वगैरे आहे ना?’’ आणि आपला मजला येता येता तिसरा, ‘‘पण बरंच झालं हो. दिवस वाईट आहेत. मुलींना हे यायलाच हवं.’’

या तिन्ही प्रश्नांची उत्तरं लिफ्टमध्ये देता आली नाहीत, म्हणून आज इथे देते.

रायफल माझ्या लेकीची. ती एकोणीस वर्षांची आहे आणि गेली तीन वर्षं ठाण्याच्या एका क्लबात दहा मीटर एअर रायफल शिकतेय. आतापर्यंत क्लबातली जुनी, चार जणींच्या खांद्यांना लागलेली रायफल वापरायची. एकीची उंची पाच फूट आठ, दुसरीची पाच फूट एक. प्रत्येकीने आपल्या मापाने स्क्रू फिरवायचे आणि दुसरीने येऊन पुन्हा उलटे फिरवायचे. शेवटी तिच्या सरांनी सांगितलं, ‘‘आता हिला स्वतःची हवी.’’ किंमत ऐकून नवरा म्हणाला, ‘‘एवढ्यात सेकंडहँड गाडी येईल.’’ खरंच येईल. मग मी माझ्या पाटल्या मोडल्या. त्याबद्दल पुढे सांगते.

आधी रायफल. खोकं उघडलं तेव्हा माझा पहिला समज हा झाला की चुकीची वस्तू आली. बंदूक म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर लाकडी दस्ता, काळं लोखंड असं काहीतरी असतं. ही दिसायला शिलाई मशीन आणि कुबडी यांच्या मधली! अॅल्युमिनियमचा सांगाडा, जागोजागी स्क्रू, गाल टेकायला एक पट्टी, खांद्याला लावायला दुसरी, खाली हवेचा छोटा सिलिंडर. दुर्बीण नाही. डोळ्यासमोर एक बारीक भोक आणि नळीच्या टोकाला एक कडी, एवढ्यावर नेम धरायचा. वजन पाच किलोच्या आसपास. स्पर्धेत साडेपाच किलोच्या वर चालत नाही. म्हणजे आपण डी-मार्टमधून आणतो ती पाच किलोची आट्याची पिशवी घ्या आणि हलू न देता धरून उभ्या राहा. एकदा नाही, साठ वेळा.

आवाज? मी कानावर हात ठेवून बसले होते. ‘टप्’ झालं. आमच्या कुकरची शिट्टी याच्या दसपट दणदणीत. छर्रा साडेचार मिलिमीटरचा, शिशाचा, साबुदाण्याएवढा. आणि दहा मीटरवर जो ‘दहा’ गुणांचा ठिपका असतो त्याचा व्यास अर्धा मिलिमीटर. आत्ता तुम्ही वाचताय त्या ओळीच्या शेवटी जो पूर्णविराम आहे, साधारण तेवढा. खोलीच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाच्या भिंतीवरचा पूर्णविराम टिपायचा. हे कळल्यावर मला रायफलची भीती वाटेनाशी झाली, लेकीचीच थोडी वाटू लागली.

काकूंचा परवान्याचा प्रश्न अगदी रास्त. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे साडेचार मिलिमीटरपर्यंतच्या आणि वीस ज्यूलपर्यंत ताकदीच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. तिच्या पुढची पायरी म्हणजे पॉइंट टू-टू, खऱ्या काडतुसाची. तिला मात्र १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो. परवाना लागत नाही म्हणून आम्ही ही रायफल दिवाणखान्यात मांडून ठेवलेली नाही. ती कपाटात कुलपात असते, किल्ली लेकीकडे आणि माझ्याकडे. रिकामी असली तरी माणसाकडे तोंड करायचं नाही, हा त्यांचा पहिला धडा. धाकट्या भाच्याने खेळता खेळता विचारलं, ‘‘ताई, एकदा माझ्याकडे नेम धर ना,’’ तेव्हा लेकीचा चेहरा असा झाला की तो पुन्हा विचारणार नाही.

आता मला वाटतं तो खरा मुद्दा.

माझं माहेर मुरबाडकडचं. मामाच्या घरी भिंतीवर ठासणीची बंदूक होती. रानडुकरं भातात शिरली की रात्री मामा आणि गडी बार काढायला जायचे. डुक्कर मरायचं क्वचितच, पळायचं मात्र. खंडेनवमीला ती बंदूक खाली यायची. मामा तेल-पाणी करून पाटावर ठेवायचे आणि मामी हळदकुंकू वाहायची, फूल ठेवायची, नमस्कार करायची. बस्स. पूजा बाईने करायची आणि उचलायची पुरुषाने. मी एकदा हात लावायला गेले तर मामीनेच मनगटावर फटका दिला. ‘‘बायकांनी धरायची नसते ती.’’ का, ते तिलाही माहीत नव्हतं.

१९९० साली कॉलेजात मी एन.सी.सी.त गेले. खरं सांगते, गेले ते नाश्त्याच्या कुपनांसाठी आणि खाकी गणवेशासाठी. शिबिरात आम्हाला पॉइंट टू-टू रायफल दिली. पालथं पडून पंचवीस यार्डांवर पाच गोळ्या. माझ्या पाचही गोळ्या एका चहाच्या बशीत मावतील इतक्या जवळ लागल्या. हवालदारांनी कागद दोनदा उलटसुलट बघितला. पुढच्या नेमबाजी शिबिरासाठी माझं नाव गेलं. घरी सांगितलं तेव्हा बाबा ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, ‘‘कशाला? काय करायचंय त्याचं?’’

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी गेले नाही. बाबा वाईट नव्हते हो. त्यांनी मला एम.कॉम. केलं, बँकेच्या परीक्षेला स्वतः सोडायला आले. पण ज्याचा ‘उपयोग’ दाखवता येत नाही असं काही मुलीने करावं, हे त्यांच्या डोक्यात बसत नव्हतं. भाऊ दिवसभर क्रिकेट खेळायचा. त्याला कधी कुणी विचारलं नाही, काय करायचंय त्याचं?

साधारण त्याच काळात दादरच्या कीर्ती कॉलेजात एन.सी.सी.तूनच एक मुलगी नेमबाजीकडे वळली होती. ती म्हणजे अंजली भागवत, पुढे २००० साली सिडनी ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत उभी राहिली. सुमा शिरूर यांनी २००४ मध्ये क्वालालंपूरला ४०० पैकी ४०० गुण मिळवले. पुढे त्यांनी पनवेलला मुलामुलींना शिकवायला क्लब काढला. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला पॉइंट टू-टूवर ६०० पैकी ५९७ गुण घेऊन जगज्जेत्या झाल्या. आणि २०२४ मध्ये पॅरिसला ज्याने ५० मीटर रायफलमध्ये ब्राँझ आणलं तो राधानगरी तालुक्यातला स्वप्नील कुसाळे, आपल्याच मध्य रेल्वेचा कर्मचारी. त्याच्या मार्गदर्शक दीपाली देशपांडे स्वतः २००४ च्या ऑलिम्पिकमध्ये खेळलेल्या. महाराष्ट्रात नेमबाजीचं झाड वाढलं, त्याची मुळं बऱ्याच अंशी बायकांनी धरून ठेवलीत. मी त्यांच्यासारखी झाले असते असं मुळीच म्हणत नाही. पाच गोळ्यांवर कुणी ऑलिम्पिकला जात नाही. पण सहावी गोळी कुठे लागली असती हे मला कधी कळलं नाही, ही चुटपुट मात्र पस्तीस वर्षं राहिली.

म्हणून काकूंच्या तिसऱ्या वाक्याशी माझं भांडण आहे. ‘दिवस वाईट आहेत, मुलींना हे यायलाच हवं.’ बोलणं प्रेमाचं, पण पुन्हा तोच ‘उपयोग’! रात्री साडेदहाच्या लोकलमध्ये लेकीला कुणी त्रास दिला तर ही रायफल काय कामाची? पेटीतून काढायची, जाड कॅनव्हासचं जाकीट चढवायचं, बूट बांधायचे, स्क्रू जुळवायचे, तोवर कळव्याच्या जागी कल्याण येईल. मुलींच्या सुरक्षेची जबाबदारी रेल्वेची, पोलिसांची आणि त्यांना त्रास देणाऱ्यांच्या आईबापांची. ती मुलीच्या छंदावर कशाला लादायची? मुलगा बुद्धिबळ शिकला तर आपण म्हणतो का, बरं झालं, उद्या कुणी अंगावर आलं तर पट फेकून मारेल?

मग मिळतं काय? मी क्लबात जाऊन बसले तेव्हा कळलं. साठ नेमांना पंचाहत्तर मिनिटं असतात. ती पंचाहत्तर मिनिटं माझी लेक एका रेषेवर उभी होती. फोन नाही, हाक नाही, बेल नाही, ‘जरा बघ गं’ नाही. श्वास घ्यायचा, अर्धा सोडायचा, थांबायचं. नाही जमलं तर रायफल खाली ठेवायची आणि पुन्हा पहिल्यापासून. चुकीचा नेम सोडून देणं हाही खेळाचाच भाग. मी विचार करत बसले, आपल्या आयुष्यात सलग पंचाहत्तर मिनिटं आपली एकटीची अशी शेवटची कधी होती? मला बाळंतपणसुद्धा आठवलं, पण तिथेही माणसं होती.

आणि एक गंमत. उभं राहून नेम धरताना डावी कंबर पुढे काढून तिच्यावर कोपर टेकवतात. पहिल्यांदा मी रायफल हातात घेतली आणि सर सांगायच्या आत माझी कंबर तशी गेली. सर म्हणाले, ‘‘मॅडम, हे कुठे शिकलात?’’ म्हटलं, ‘‘दोन पोरं कडेवर वाढवलीत.’’

बायकांना हे जमेल का, हा प्रश्न तसा केव्हाच निकालात निघालाय. १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये पॉइंट टू-टूच्या एका स्पर्धेत स्त्री-पुरुष एकत्र होते. अमेरिकेच्या मार्गारेट मर्डोक आणि लॅनी बॅशम यांचे गुण सारखे झाले. बारीक हिशेबात सुवर्ण बॅशमला गेलं. राष्ट्रगीताच्या वेळी त्याने मर्डोकला हात देऊन आपल्या पायरीवर ओढून घेतलं. तरीही एअर रायफलमध्ये पुरुषांना साठ नेम आणि बायकांना चाळीस, हा फरक पुढे कितीतरी वर्षं होता. तो २०१८ मध्ये गेला. वीस नेमांचा हा अविश्वास कुणाच्या डोक्यातून आला होता कोण जाणे! मामीच्या फटक्याइतकंच उत्तर त्यालाही असेल.

आता पाटल्या. पाटल्या मोडल्या म्हटल्यावर नणंद म्हणाली, ‘‘अगं, तिच्या लग्नात तिला काय घालशील?’’ हा प्रश्नही प्रेमाचाच. पण मला वाटलं, लग्नासाठी म्हणून जे वीस वर्षं लॉकरमध्ये पडून राहतं, ते एकोणिसाव्या वर्षी तिला हवंय त्या रूपात दिलं तर काय बिघडलं? मला सासूबाईंची धास्ती होती, कारण पाटल्या त्यांनीच घातलेल्या. त्या काहीच बोलल्या नाहीत. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, ‘‘मोडताना घट किती धरली सोनाराने?’’ ती जास्त होती. त्यावरून मात्र मी ऐकून घेतलं.

हे सगळ्यांना परवडणारं नाही, याची मला पूर्ण जाणीव आहे. ज्या घरात पाटल्याच नाहीत तिथल्या मुलीने काय करायचं? म्हणून माझं म्हणणं रायफल विकत घेण्याबद्दल नाहीच. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत जिमखाने आहेत, क्रीडासंकुलं आहेत, शाळांची लांबच लांब सभागृहं सुट्टीत रिकामी असतात. एअर रायफलच्या एका रांगेला लागते ती दहा मीटरची बंदिस्त, भक्कम भिंतीची जागा, जाणता प्रशिक्षक आणि कुलपाचं कपाट. चार रायफली सामाईक असल्या तरी चाळीस मुली शिकतील, स्क्रू फिरवत का होईना. नगरसेवक हळदीकुंकवाला वाण म्हणून स्टीलचे डबे वाटतात. आपण बायकांनी यंदा डब्यांऐवजी हे मागून बघायला काय हरकत आहे?

आणि तोवर एवढं तरी. तुमची लेक कॉलेजातून आली आणि म्हणाली, ‘एन.सी.सी.त नाव दिलंय, रायफल शूटिंगला जाते,’ तर ‘काय करायचंय त्याचं’ हे विचारू नका. ‘कुठे लागली’ ते विचारा.

यंदा खंडेनवमीला लेकीने रायफल पाटावर ठेवली, खटका उघडा, आत काही नाही याची खूण बाहेर. सासूबाईंनी हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं. मग पदराला हात पुसत म्हणाल्या, ‘‘धरून बघू का गं?’’ लेकीने खालून आधार देत त्यांच्या हातात दिली. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाई त्या. ‘‘केवढी जड आहे!’’ म्हणाल्या, पण परत देईनात. आधी त्यांनी तोंड भिंतीकडे आहे ना, ते बघून घेतलं.