वाचनाची वार्षिक नोंद आणि सहवाचकांचा संवाद

१

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासात लेखक आणि साहित्यकृती या दोन घटकांचा जितका विचार झाला, तितका वाचक या तिसऱ्या घटकाचा झालेला नाही, ही तक्रार आता जुनी झाली आहे. वाचकाचा विचार कशाच्या आधारे करावयाचा, हा प्रश्न मात्र त्या तक्रारीइतका पुढे आलेला नाही. शंकर गणेश दाते यांच्या 'मराठी ग्रंथसूची'मुळे १८०० ते १९३७ या काळात, आणि तिच्या पुढील भागामुळे १९३८ ते १९५० या काळात मराठीत काय छापले गेले, हे बऱ्याच अंशी समजते. त्यांपैकी काय वाचले गेले, कोणी वाचले, अर्ध्यावर काय सोडले आणि पुन्हा काय हाती घेतले, हे सांगणारे साधन मात्र जवळजवळ नाही. छापील प्रतींची संख्या आणि आवृत्त्यांची मोजदाद यांवरून वाचनाचा अंदाज बांधण्याची प्रथा आहे. पण विकत घेतलेले पुस्तक वाचलेले असतेच असे नाही, आणि एकच प्रत ग्रंथालयातून शंभर हातांत जाऊ शकते. मराठी वाङ्मयाचा इतिहास हा पुष्कळसा मुद्रणाचा इतिहास आहे. वाचनाचा इतिहास अद्याप लिहावयाचा आहे.

वाचकाने आपल्या वर्षभराच्या वाचनाची ठेवलेली नोंद आणि त्या नोंदीवर सहवाचकांशी केलेली चर्चा हा वरवर पाहता खाजगी छंदाचा विषय वाटतो. प्रस्तुत लेखात त्याचा विचार अभ्याससाधन म्हणून केला आहे. मराठीच्या पदव्युत्तर विभागांनी ही प्रथा जाणीवपूर्वक स्वीकारावी, असे येथील प्रतिपादन आहे.

२

वाचन ही एकट्याने, मूकपणे करावयाची क्रिया आहे, ही समजूत मराठी परंपरेला फारशी जुनी नाही. पोथी एकाने वाचावी आणि अनेकांनी ऐकावी, मध्येच कोणी अर्थ विचारावा, जाणत्याने तो उलगडून सांगावा, हा वाचनाचा रूढ प्रकार होता. हस्तलिखितांतील पाठभेदांकडे या दृष्टीने पाहिले तर ते केवळ नकलकारांचे प्रमाद राहत नाहीत. वाचणाऱ्याने समासात केलेली टीप किंवा कठीण शब्दाच्या जागी बसविलेला सोपा शब्द पुढच्या नकलेत संहितेत शिरत असे. एकनाथांनी शके १५०६ (इ. स. १५८४) मध्ये 'ज्ञानेश्वरी'ची शुद्ध प्रत सिद्ध केली, त्यामागे तीन शतकांच्या वाचकांनी संहितेवर उमटविलेल्या या खुणा दूर करण्याची गरज होती. संहिता शुद्ध होणे अवश्य होतेच. परंतु त्या खुणा वाचनाच्या नोंदीही होत्या, हे विसरता येत नाही.

मुद्रणाने संहिता स्थिर केली आणि वाचकाला तिच्यापासून काहीसे दूर केले. एकोणिसाव्या शतकात ही उणीव दुसऱ्या मार्गाने भरून निघू लागली. रत्नागिरी (१८२८), नाशिक (१८४०) आणि पुणे (१८४८) येथील वाचनालये, आणि शतकाच्या अखेरीस १८९८ मध्ये स्थापन झालेले मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय यांनी वाचकांना एकत्र येण्याची जागा दिली. वाचनालयांच्या देवघेवीच्या वह्या हे मराठी वाचकाच्या अभिरुचीचे पहिले दप्तर ठरले असते. पण अशा वह्या हिशेबापुरत्या ठेवल्या जातात आणि हिशेब संपला की रद्दीत जातात. जी जपली जाते तिच्यातूनही पुस्तक कोणी नेले एवढेच कळते. नेल्यानंतर काय झाले ते कळत नाही.

ती जागा व्यक्तिगत नोंद भरून काढू शकते. मराठीत तिची उदाहरणे नाहीत असे नव्हे. सतीश काळसेकर यांच्या 'वाचणाऱ्याची रोजनिशी' या पुस्तकाला २०१३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, ही घटना या संदर्भात अर्थपूर्ण आहे. लघुनियतकालिकांच्या चळवळीतून आलेल्या एका कवीला हा सन्मान त्याच्या कवितासंग्रहासाठी न मिळता त्याच्या वाचनाच्या नोंदींसाठी मिळाला. या लेखनाला रूढ अर्थाने समीक्षा म्हणता येत नाही. पुस्तक कोठे सापडले, कोणी सुचविले, कोणत्या दुकानात वा ग्रंथालयात त्याचा माग लागला, त्याने आणखी कोणत्या पुस्तकाकडे नेले, हा सारा व्यवहार त्यात नोंदला जातो. समीक्षेच्या लेखातून नेमका हाच व्यवहार गाळला जातो. समीक्षक निष्कर्ष सांगतो आणि निष्कर्षापर्यंतची वाट पुसून टाकतो. रोजनिशी ती वाट राखून ठेवते.

दुसरे उदाहरण पत्रांचे. जी. ए. कुलकर्णी यांची प्रसिद्ध झालेली पत्रे आणि सुनीता देशपांडे यांची 'प्रिय जी. ए.' या नावाने ग्रंथरूप झालेली पत्रे एकत्र वाचली असता, दोन वाचकांनी परस्परांच्या वाचनाला दिलेला दीर्घ प्रतिसाद असे त्यांचे स्वरूप दिसते. धारवाडला एकान्तात राहणारा हा कथाकार वाचनाच्या बाबतीत एकटा नव्हता, हे या पत्रांमुळेच कळते.

३

नोंद म्हणजे काय, याचा येथे थोडा नेमका विचार केला पाहिजे. यादी, टिपण आणि रोजनिशी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. यादीतून काय वाचले ते कळते, टिपणातून पुस्तकात काय आहे ते कळते, आणि रोजनिशीतून वाचताना वाचणाऱ्याचे काय झाले ते कळते. विद्यार्थी बहुधा टिपणापाशी थांबतो, कारण परीक्षेला तेवढेच पुरते. आजचा हौशी वाचक बहुधा यादीपाशी थांबतो. २००७ मध्ये सुरू झालेल्या 'गुडरीड्स'सारख्या संगणकीय सोयींनी वर्षाला किती पुस्तके वाचावयाची याचा संकल्प सोडण्याची आणि तो पुरा झाल्याचे जाहीर करण्याची सवय लावली आहे. या मोजणीत 'कोसला'चे एक पारायण आणि एखाद्या पातळ पुस्तिकेचे एक वाचन यांची किंमत सारखीच होते. मोजणीचा दुसरा परिणाम अधिक सूक्ष्म आहे. आकडा गाठावयाचा असल्याने वाचक मोठे, अवघड आणि संथ पुस्तक टाळू लागतो आणि पुनर्वाचन त्याला वेळेचा अपव्यय वाटू लागतो. वाङ्मयाच्या अभ्यासाचा पाया तर पुनर्वाचन हाच आहे.

म्हणून उपयुक्त नोंदीत पुढील गोष्टी असाव्यात. पुस्तकाची कोणती आवृत्ती वाचली आणि ती कोठून मिळाली. वाचन केव्हा सुरू झाले आणि केव्हा संपले. मध्ये खंड पडला असल्यास कोठे व का. पहिल्या वाचनाचे मत दुसऱ्या वाचनात टिकले की बदलले. यांहून महत्त्वाची नोंद सोडून दिलेल्या पुस्तकांची. पूर्ण वाचलेल्या पुस्तकाविषयी वाचक पुष्कळदा दुसऱ्यांनी आधी बोलून ठेवलेलेच बोलतो. अर्ध्यावर सोडलेल्या पुस्तकाविषयी त्याला स्वतःचेच बोलावे लागते. मान्यवर कादंबरी साठाव्या पानावर का थांबली, याचे प्रामाणिक उत्तर त्या कादंबरीविषयी आणि त्या वाचकाविषयी बरेच काही सांगून जाते.

४

एकट्याने ठेवलेल्या नोंदीला एक मर्यादा पडते. ती वाचकाला त्याच्याच अभिरुचीचे प्रमाणपत्र देत राहते. सहवाचकांची गरज येथे उत्पन्न होते.

संस्कृत साहित्यशास्त्राने 'सहृदय' ही संकल्पना दिली आणि मराठी आस्वादक समीक्षेने ती आपलीशी केली. परंतु सहृदय हा आदर्श वाचक आहे, आणि तो एकवचनी आहे. प्रत्यक्षातील वाचक अनेक असतात आणि त्यांची हृदये एकाच मुशीतून घडलेली नसतात. हान्स रॉबर्ट याउस यांनी मांडलेली अपेक्षांच्या क्षितिजाची कल्पना आणि स्टॅन्ली फिश यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडलेली अर्थनिर्णयन करणाऱ्या समुदायांची कल्पना पदव्युत्तर वर्गात शिकविली जाते. पण ती बहुधा परिभाषेच्या पातळीवरच राहते. जॅनिस रॅडवे यांच्या 'रीडिंग द रोमान्स' (१९८४) या अभ्यासाचे महत्त्व असे की, त्यांनी प्रणयकादंबऱ्या वाचणाऱ्या अमेरिकन स्त्रियांना त्यांच्या वाचनाविषयी प्रत्यक्ष विचारले. त्या स्त्रियांच्या दृष्टीने कथानकाइतकेच महत्त्व वाचण्याच्या कृतीला होते. घरच्या कामांतून स्वतःसाठी राखलेला तो वेळ होता. केवळ संहितेचे विश्लेषण करून हा निष्कर्ष हाती आला नसता.

मराठीत याचा पडताळा पाहावयाचा तर दया पवार यांचे 'बलुतं' (१९७८) घ्यावे. या आत्मकथनाने मध्यमवर्गीय वाचकाला हादरविले, असे वाङ्मयेतिहासात नोंदले जाते. हे विधान खरे आहे. पण ते एका वाचकवर्गाविषयीचे आहे. ज्याने ते जीवन जगले होते त्याला हादरा बसण्याचे कारण नव्हते. त्याचा प्रतिसाद ओळख पटल्याचा असू शकतो, उघडे पडल्याच्या संकोचाचा असू शकतो, अभिमानाचा किंवा रागाचाही असू शकतो. 'हादरा' हा शब्द प्रमाण ठरला, कारण नोंद करण्याची साधने ज्यांच्या हाती होती त्यांचा तो प्रतिसाद होता. गंगाधर पानतावणे यांच्या 'अस्मितादर्श'ने लेखक-वाचक मेळावे भरविले, त्यांतील 'वाचक' हा शब्द या दृष्टीने पुन्हा पाहण्याजोगा आहे. वाचकाला श्रोत्याच्या रांगेतून उठवून बोलणाऱ्यांत बसविण्याचा तो प्रयत्न होता.

आजच्या पदव्युत्तर वर्गात वेगवेगळ्या जातींतील, गावांतील आणि बोलींतील विद्यार्थी शेजारी शेजारी बसतात. त्यांपैकी अनेक जण आपापल्या घरातील पहिले वाचक असतात. एवढे विविध प्रतिसाद एका खोलीत उपलब्ध असताना उत्तरपत्रिकांतून मात्र एकच प्रतिसाद उतरतो, तो मार्गदर्शिकेतला. ही हानी केवळ विद्यार्थ्यांची नाही. ती वाङ्मयाभ्यासाची आहे.

५

या प्रथेवर काही आक्षेप संभवतात. पहिला आक्षेप वेळेचा. सत्रपद्धती, नेट-सेटची तयारी आणि तासिकांचा बोजा यांत अवांतर वाचनाला आणि त्याच्या नोंदीला सवड कोठून काढावयाची? हा आक्षेप खरा आहे. तथापि वाङ्मयाच्या विभागात वाचनाला 'अवांतर' म्हणावे लागणे, हाच खरा चिंतेचा विषय आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. नोंद दुसऱ्याला दाखवावयाची म्हटली की ती दाखविण्यासाठीच लिहिली जाते. वाचक जे वाचले ते न लिहिता जे वाचलेले दिसावे ते लिहितो. रहस्यकथा गाळतो आणि फूको लिहितो. हा धोका पूर्णपणे टळणार नाही. तो कमी करण्याचा एक मार्ग असा की, चर्चेत अध्यापकांनी आपली वही प्रथम उघडावी. ज्या विभागात प्राध्यापक आपण कोणते पुस्तक अर्ध्यावर सोडले ते सांगू शकतात, तेथे विद्यार्थ्याला सोंग करण्याची गरज उरत नाही.

तिसरा धोका यंत्रणेचा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी अध्यापकांच्या शैक्षणिक कामाचे गुणांकन आणले आणि २०१८ मध्ये त्याचे रूप बदलले. त्या गुणांसाठी लेखांची आणि चर्चासत्रांची जी संख्यावाढ झाली ती सर्वांसमोर आहे. वाचननोंद गुणांशी, श्रेयांकांशी वा पदोन्नतीशी जोडली गेली, तर एका वर्षात तिचा विहित नमुना तयार होईल आणि दुसऱ्या वर्षी तयार भरलेल्या वह्या बाजारात मिळू लागतील. तेव्हा ही प्रथा ऐच्छिक आणि गुणरहितच असली पाहिजे.

६

प्रत्यक्ष योजना साधी असावी. जून ते एप्रिल हे शैक्षणिक वर्ष धरून ज्यांना इच्छा असेल त्यांनी वही ठेवावी. महिन्यातून एकदा आठ-दहा जणांनी एकत्र बसावे. एकच पुस्तक सर्वांनी वाचून येण्याचे बंधन नसावे. प्रत्येकाने आपल्या नोंदीतील एक जागा वाचून दाखवावी आणि इतरांनी तिला प्रतिसाद द्यावा. असा प्रतिसाद ऐकून मत बदलले, तर बदललेले मत मूळ नोंद न खोडता तिच्याखाली लिहावे. वर्षाअखेरीस एक बैठक संपूर्ण वर्षाच्या आढाव्यासाठी राखावी. वर्षभरात वाचनाला कोणते वळण लागले, कोणाच्या शब्दावरून कोणते पुस्तक हाती घेतले गेले आणि काय टाळले गेले, हे वहीत मागे जाऊन पाहिले असता स्मरणातल्यापेक्षा निराळे चित्र पुष्कळदा दिसते. वाचकाची स्वतःविषयीची कल्पना आणि त्याची नोंद यांतील हे अंतर अभ्यासण्याजोगे आहे. ज्यांची संमती असेल त्यांच्या वह्या विभागाच्या ग्रंथालयात नावानिशी किंवा नावाशिवाय जतन कराव्यात.

अशा पंचवीस वर्षांच्या वह्या एखाद्या विभागात जमल्या, तर मराठी वाचकाविषयी आज जी विधाने अनुमानाने केली जातात ती पुराव्याने करता येतील किंवा मागे घ्यावी लागतील. परंतु तेवढे थांबण्याचेही कारण नाही. एका विभागातील दोन अध्यापकांना परस्परांच्या टेबलावर सध्या कोणते पुस्तक आहे हे ठाऊक नसणे, ही आज अपवादात्मक स्थिती राहिलेली नाही. जो विभाग आपल्या वाचनाविषयी आपसांत बोलत नाही तो वाङ्मय शिकवू शकेल. वाचन शिकवू शकणार नाही.