सहा घरांत समीर मावतो का?

बालदोस्तांनो, बँकेत खातं उघडायचा अर्ज पाहिलाय ना तुम्ही? नाव लिहायला छोट्या छोट्या चौकटी आखलेल्या असतात. एका चौकटीत एक अक्षर. नाव लांब असलं की चौकटी संपतात आणि आपण पेन उचलून बाबांना विचारतो, "आडनाव मावत नाही, काय करू?" सी नावाची संगणकाची भाषा मात्र थांबत नाही आणि विचारतही नाही. ती पुढच्या चौकटीत लिहीत सुटते. मग ती चौकट जन्मतारखेची का असेना!

ही भाषा डेनिस रिची यांनी १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये तयार केली. म्हणजे ती तुमच्या आईबाबांपेक्षाही वयानं मोठी असेल. पण तिला जुनीपुराणी म्हणून हसू नका हं. अँड्रॉइड फोनच्या पोटात जो लिनक्स असतो, तो मुख्यतः सीमध्येच लिहिलेला आहे.

आता सीची नाव ठेवायची पद्धत पाहा. स्मरणात ओळीनं घरं असतात. त्या घराला बाइट म्हणतात. नाव इंग्रजी अक्षरांत लिहिलं तर एका घरात एक अक्षर बसतं. नाव कुठे संपलं हे कळायला शेवटी एक शून्य ठेवतात. हा आपला लिहायचा ० आकडा नव्हे बरं का, ती 'इथे संपलं' अशी खूण आहे. समजा, तुम्ही सहा घरं मागितली. 'सागर' इंग्रजीत पाच अक्षरांचा, अधिक एक शून्य, झाली सहा. अगदी बरोबर बसला! 'समीर' मात्र इंग्रजीत सहा अक्षरांचा, त्यात दोन 'ई'. त्याला सात घरं लागतात. वर्गातला समीर कितीही बारका असो, इथे तो मावत नाही.

नाव एका जागेवरून दुसरीकडे उतरवण्यासाठी सीमध्ये एक आयतं फंक्शन आहे. इंग्रजीत ते एस, टी, आर, सी, पी, वाय असं लिहितात, आपण त्याला 'स्ट्रकॉपी' म्हणूया. हा गडी शून्य दिसेपर्यंत उतरवत राहतो. समोर घरं किती आहेत हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं, मग तो पाहणार तरी कसा? समीरचं शून्य शेजारच्या घरात जाऊन पडतं. तिथे गुण ठेवलेले असतील तर गुण बिघडतात.

नुसते गुण बिघडले तर एक वेळ परवडलं. २ नोव्हेंबर १९८८ रोजी अमेरिकेत रॉबर्ट मॉरिस नावाच्या विद्यार्थ्यानं इंटरनेटवर सोडलेल्या एका प्रोग्रॅमनं हजारो संगणक जेरीस आणले. आत शिरायच्या त्याच्या वाटांपैकी एक हीच होती. पलीकडच्या प्रोग्रॅमनं ५१२ घरं ठेवली होती, यानं ५३६ बाइट पाठवले. जास्तीचे बाइट शेजारी सांडले आणि तिथल्या सूचनाच बदलून गेल्या. तिथे स्ट्रकॉपी नव्हतं, त्याचं भावंड 'गेट्स' होतं. तेही घरं न मोजता ओळ वाचायचं. २०११ च्या नियमावलीतून गेट्सला काढून टाकलं. पालकांनो, मुलांच्या हाती सीचं जुनं पुस्तक असेल आणि त्यात गेट्स दिसलं, तर त्यावर पेन्सिलीनं काट मारायला हरकत नाही.

मग सुरक्षित काय? पुष्कळ जण चटकन सांगतात, "स्ट्रएनकॉपी वापर, त्यात घरांची संख्या देता येते." माझं मत विचाराल तर या सल्ल्याला भुलू नका. सहा घरं आहेत असं सांगून त्याला समीर दिला, तर तो सहा अक्षरं मुकाट्यानं भरतो आणि शून्य ठेवतच नाही! पुढे ते नाव वाचणारा खूण शोधत शेजारच्या घरांत भटकतो. तो वाईट म्हणून असं करतो असं नाही. जुन्या युनिक्समध्ये फायलीच्या नावाला मोजून १४ घरं असत आणि नाव पूर्ण भरलं तर शून्याची गरज नसे. तो अशा कामाला बरा.

१९९८ मध्ये ओपनबीएसडीच्या मंडळींनी 'स्ट्रएलकॉपी' आणलं. ते घरांबाहेर लिहीत नाही आणि निदान एक घर असलं तरी शून्य नक्की ठेवतं. समीरचा 'समी' करतं की काय, असं वाटलं ना? इंग्रजीत पाच अक्षरं ठेवतं, शेवटचा 'आर' गळतो. शिवाय मूळ नाव किती लांब होतं तो आकडा परत देतं. आकडा घरांच्या संख्येइतका किंवा त्याहून मोठा आला, की समजायचं, नाव कापलं गेलं. लिनक्सवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या जीएनयूच्या सी लायब्ररीत ते यायला २०२३ उजाडलं! तिथल्या काहींचं म्हणणं होतं की गुपचूप कापणं हीसुद्धा चूकच. ते काही अगदीच खोटं नव्हतं. 'फोटो/जुने' हा कप्पा पुसायचा आहे आणि जागा नाही म्हणून उरलं नुसतं 'फोटो', तर सहलीपासून वाढदिवसापर्यंत सगळेच फोटो गेले की!

म्हणून आलेला आकडा तपासायचाच. स्ट्रएलकॉपी नसेल तिथे १९९९ च्या नियमावलीतलं 'एसएनप्रिंटएफ' घ्या. तेही घरं मोजतं आणि लांबी सांगतं. फक्त त्याला मजकूर 'पर्सेंट एस'मार्फत द्या, थेट नको. आणि नाव कापायचंच नसेल तर आधी लांबी मोजा, त्यात शून्यासाठी एक मिळवा आणि तेवढी घरं मागून घ्या. तीही मिळाली का ते बघा.

आपल्या मराठीची तर आणखीच गंमत. आजकाल सगळीकडे चालणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन घरं लागतात. 'श्री' दिसायला एक अक्षर, पण श, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी अशी चार चिन्हं. म्हणजे १२ घरं, वर एक शून्याचं. शून्यासकट सात घरांत कापलं तर फक्त 'श्' उरतो, आणि सहा घरांत कापलं तर 'श'पुढचं चिन्ह अर्धवटच तुटतं!

आता वही काढा. आठ घरं आहेत आणि इंग्रजीतलं 'कोल्हापूर' आठ अक्षरांचं. स्ट्रएनकॉपी काय ठेवील? स्ट्रएलकॉपी काय ठेवील आणि कोणता आकडा परत देईल? आणि देवनागरीत 'कोल्हापूर' लिहायला शून्यासकट किती घरं मागाल? उत्तरं पुढच्या अंकात.