पैशाविना पत्ते

व्यापारी घराण्यांत पत्त्यांची कॅट सहसा उघड्यावर दिसत नाही. ती कपाटाच्या खणात जुन्या चोपड्यांमागे असते आणि वडीलधारी मंडळी देवदर्शनाला गेली की बाहेर येते. याला सबळ कारण आहे. सप्तव्यसनांच्या यादीत द्यूताचे नाव पहिले येते, आणि ते का, हे पेढीवर बसणाऱ्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. दोन पिढ्यांनी जमवलेले भांडवल एका मोसमात सट्ट्यात गेल्याच्या कथा प्रत्येक बाजारपेठेत ऐकू येतात. आजोबा पत्त्यांकडे संशयाने पाहतात त्यात हट्ट कमी आणि अनुभव अधिक असतो.

तरीही एक भेद करणे आवश्यक आहे. द्यूत घडते ते पणामुळे, पानांमुळे नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचे म्हटले, पण खेळ भरवणारा त्यातून नफा काढत असेल तर गुन्हा ठरू शकतो, हेही त्याच निकालात नमूद केले. पुढे मोबाइलवर पैशाची रमी आली आणि किती घरांतील तरुण मुले रात्री पांघरुणात बसून ती खेळली, हे त्या घरांनाच ठाऊक. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला; त्यात कौशल्य की नशीब हा वादच शिल्लक ठेवला नाही. कायद्याने पडदा बंद केला, पण मुलाच्या हाताला लागलेली पत्त्यांची गोडी त्यामुळे जात नाही. ती घराच्या सतरंजीवर, सर्वांच्या देखत आणि बिनपैशाने भागली, तर ते अधिक बरे.

दिवाळीच्या रात्री 'शकुनाची' तीन पत्ती खेळण्याची चाल काही घरांत शिरली आहे. ज्या रात्री भगवान महावीरांचे निर्वाण स्मरायचे, त्या रात्री घरात पण लावला जावा, हा विसंगतीचा कळस होय. 'केवळ दहा-वीस रुपयांचा तर खेळ' हे समर्थन हिशेबाला धरून नाही. मुलगा त्या रात्री जे शिकतो त्याची किंमत दहा रुपये नसते. माल न देता, श्रम न करता पैसा हाती येतो, हे तो शिकतो. पैशांऐवजी काड्या किंवा कवड्या लावण्याचा मधला मार्गही टाळावा, कारण काडीचा रुपया व्हायला वेळ लागत नाही. गुण वहीत मांडावेत, तेवढे पुरे.

आता खेळांविषयी. सर्वांत लहान मुलांसाठी गुलामचोर. एक गुलाम बाजूला काढून उरलेली एक्कावन्न पाने वाटावयाची, जोड्या टाकीत जावयाचे आणि शेवटी एकटा गुलाम ज्याच्या हाती राहील तो चोर. यात आजीलाही पाच वर्षांची नात फसवू शकते, आणि आजीला ते आवडते. झब्बूही याच वयाला शोभतो.

बदाम सात मात्र व्यापाऱ्याच्या घरात निराळ्या रंगाने खेळला जातो. बदामाची सत्ती पडली की तिच्या खाली छक्की, वर अठ्ठी. अन्य रंग त्या त्या सत्तीनेच उघडतात. ज्याच्या हाती किलवरची सत्ती आहे त्याने ती दाबून धरली की सर्वांची किलवरची पाने अडतात. नियमाप्रमाणे लागू पान असताना 'पास' म्हणता येत नाही. पण हाती दुसरे लागू पान असेल तर सत्ती खुशाल रोखता येते. थोडक्यात, ही साठेबाजी आहे. आणि साठेबाजाचे जे होते तेच येथेही होते: रोखून धरलेला माल शेवटी आपल्याच अंगावर राहतो. दुसरा सुटला की हातातील पानांचे गुण मोजावे लागतात.

तिघेच असतील तर पाच-तीन-दोन. अठ्ठीपासून एक्क्यापर्यंतची अठ्ठावीस पाने आणि इस्पिक व बदामाच्या दोन सत्त्या, अशी तीस, प्रत्येकास दहा. हुकूम बोलणाऱ्याने पाच हात करावयाचे, दुसऱ्याने तीन, वाटणाऱ्याने दोन. एकूण हात दहाच, म्हणून एकाचा लाभ ही दुसऱ्याची तूट असते आणि ती पुढील डावात ओढली जाते. ज्याचे दोन हात जास्त झाले तो तूट असलेल्याची दोन पाने न पाहता ओढतो आणि आपल्याकडील नकोशी दोन पाने त्याला देतो. थकबाकी वेळेवर न फेडणाऱ्याची स्थिती कशी उत्तरोत्तर बिघडत जाते, हे दहा वर्षांच्या मुलाला व्याजाचे गणित न मांडता येथे कळते. मात्र पुढच्या डावात जबाबदारी फिरते. ज्याच्यावर पाचांचा भार होता त्याच्यावर हलका भार येतो. इतका न्याय बाजारात नेहमी नसतो.

चौघांसाठी मेंढीकोट. चार दश्शा म्हणजे चार मेंढ्या. ज्या जोडीने तीन घेतल्या तिचा डाव, दोन-दोन झाल्या तर सात हात करणाऱ्या जोडीचा, आणि चारही घेतल्या तर कोट. येथे जोडी कशी बसवावी याला महत्त्व आहे. पती-पत्नी समोरासमोर बसवू नयेत. डाव हरल्यावर चर्चा दश्शीवरून निघून फार दूर जाते. सासू-सुनेची जोडी उत्तम. खुणा करावयाच्या नाहीत आणि बोलावयाचे नाही, तरी समोरचीच्या उतारीवरून तिच्या मनातील ओळखावयाचे, हा सराव स्वयंपाकघरात उपयोगी पडतो.

पाच ते सात जण असले की जजमेंट, ज्याला गुजराती घरांत काचुफुल म्हणतात. काळी, चौकट, फुल्ली, लाल या क्रमाने हुकूम बदलत जातो. नावही त्यांच्याच आद्याक्षरांचे. सहा जणांत आठ-आठ पाने वाटून प्रारंभ करावा व दर डावाला एकेक पान कमी करीत जावे. पाने पाहून प्रत्येकाने आपले किती हात होतील ते सांगावयाचे. सांगितले तितकेच झाले तर त्यात दहा मिळवून गुण. एक कमी झाला तरी शून्य, एक जास्त झाला तरी शून्यच. यातील खोच शेवटी बोलणाऱ्यासाठी आहे: सर्वांची बेरीज वाटलेल्या पानांइतकी होऊ नये, असे त्याने बोलावयाचे. परिणामी प्रत्येक डावात कोणाचा तरी अंदाज चुकणे निश्चित असते. उधळे बोलणारा काका आणि प्रत्येक वेळी 'एक' म्हणून जपून राहणारी मावशी, दोघांचेही स्वभाव अर्ध्या तासात वहीत उतरतात. वही ठेवण्याचे काम घरातील तेरा-चौदा वर्षांच्या मुलीकडे द्यावे. ताळा जुळवण्याची सवय लवकर लागलेली बरी, आणि ती आजोबांचा शून्यही निःपक्षपातीपणे मांडते.

वेळेचा प्रश्न काही घरांत आपोआप सुटलेला असतो. चौविहार पाळणाऱ्या घरात सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपते, भांडी होतात, आणि प्रतिक्रमणानंतर झोपेपर्यंत दीड-दोन तास मोकळे उरतात. अन्य घरांत त्या वेळी सून चुलीपाशी असते. येथे तिलाही सतरंजीवर जागा आहे. चातुर्मासातील पावसाळी संध्याकाळी बाहेर जाणे कमी असते, तेव्हा तर हे सोयीचेच. पर्युषणाच्या दिवसांत कॅट बांधून ठेवावी.

रडणाऱ्या मुलाला मुद्दाम जिंकवू नये. दोनदा हरवून तिसऱ्या डावात त्याला चांगल्या खेळाडूच्या जोडीला बसवावे. आणि एखादे पान हरवले म्हणून नवी कॅट आणण्याची घाई नको. जोकरवर शाईने 'किलवर तिर्री' लिहिले की काम भागते. फक्त ते पान पाठीमागून ओळखू येत नाही ना, हे पिसण्यापूर्वी सर्वांनी एकदा पाहून घ्यावे.