दुर्गाडी इथे, अभ्यास दिल्लीत

मंडळी, २४ जुलै २०२५ ला दिल्लीत जेएनयूमध्ये छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाने सुरक्षा आणि सामरिक अभ्यासाचं केंद्र सुरू झालं. राज्य सरकारची मदत, मुख्यमंत्र्यांच्या हस्ते उद्घाटन. कुलगुरू शांतिश्री पंडित मॅडम स्वतः आंतरराष्ट्रीय संबंधांच्या प्राध्यापक, पुण्यात वर्षानुवर्षं शिकवलेलं. महाराजांची युद्धनीती विद्यापीठात शिकवायला हवी, यावर वादच नाही.

पण आरमाराची सुरुवात झाली कुठे? १६५७ मध्ये कल्याण घेतल्यावर, आपल्या दुर्गाडीखालच्या खाडीत! त्याच कल्याणचं पोर आज कलिन्याला विद्यापीठात जातं ते लोकलच्या दारात लटकून. ९ जूनला मुंब्र्याजवळ दारातली माणसं रुळांवर पडून मेली. त्यानंतर दीड महिन्यात दिल्लीत 'सुरक्षे'चं उद्घाटन.

मॅडमनी आपल्या विद्यापीठाचं बघितलं, ते त्यांचं कामच. आपल्या आमदार-खासदारांनी काय बघितलं? मुंबई विद्यापीठाची उपकेंद्रं ठाण्यात बाळकुमला आहेत, कल्याणला आहेत. (बॅनरवर फोटो तर चौकाचौकात आहेत.) मग या विषयाचा एक वर्ग, मराठीतून, कल्याणला का नाही? पोराला शेअर रिक्षाने जाता येईल. मतं मागायला दारात आले की एवढं विचाराच.